मांजराचे दांत

बैलबाजारांत गेलेला शेतकरी बैलाचीं शिंगें पाहतो, वशिंड पाहतो, चाल पाहतो. परंतु त्याचें तोंड उघडून दांत पाहिल्यावांचून सौदा ठरवीत नाहीं. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला, हीं बैलाच्या वयाचीं नांवें त्याच्या दांतांवरूनच पडलेलीं आहेत. मांजर मात्र आपल्या घरीं सौद्यानें येत नाहीं. तें कोणाच्या तरी माळ्यावर जन्मतें, जिन्यावरून वर येतें, ओळख वाढवितें आणि राहतें. त्याचें तोंड उघडून पाहण्याचा प्रसंग त्यामुळें कोणावर येत नाहीं. आणि ज्या जनावराच्या तोंडांत आपण कधीं डोकावलोंच नाहीं, त्याचे दांत दुखत असतील ही कल्पनाही आपणांस शिवत नाहीं. आज त्या न पाहिलेल्या तोंडाविषयीं थोडें सांगावयाचें आहे.

आमच्या घरची मनी तेव्हां नऊ वर्षांची होती. ताटलीचा आवाज झाला कीं ती पूर्वींप्रमाणेंच धांवत येई, मासा हुंगी, एक घांस उचली, आणि एकाएकीं ताटलीनेंच चावा घेतल्याप्रमाणें फिस्कारून मागें सरे. घरांत या वागण्याची चर्चा झाली आणि 'लाड फार झाले' असा निर्णय एकमतानें लागला. मांदेली सोडून बोंबील आणून पाहिले, बोंबील सोडून कोंबडीचें मांस शिजवून पाहिलें. नवा पदार्थ ती दोन दिवस खाई. तिसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच. पुढें तिच्या पाठीवरचे केस विसकटलेले राहूं लागले, आणि खिडकींतील आवडती जागा सोडून ती कपाटाखालीं बसूं लागली. तेव्हां 'आतां वय झालें' असा दुसरा निर्णय आम्हीं दिला. असे चार महिने गेले. शेवटीं एके सकाळीं खातां खातां तिचा खालचा जबडा थंडी भरल्याप्रमाणें कडकडूं लागला, ती किंचाळली आणि तोंडावर पंजे मारीत पळत सुटली. पशुवैद्यांनीं अंगठ्यानें तिचा ओठ वर केला आणि आम्हांस जवळ बोलाविलें. खालच्या एका दाढेला हिरडीलगत खांच पडली होती आणि त्या खांचेंत हिरडीचें लाल मांस चढलें होतें. 'हें आजचें नाहीं,' एवढेंच ते म्हणाले. ज्याला आम्हीं एकदां लाड आणि एकदां वय असें नांव दिलें, तें दुखणें होतें. आणि तें आमच्या डोळ्यांदेखत चाललें होतें.

आपण म्हणाल, दांत दुखत असते तर मांजर ओरडलें नसतें काय? खाणें सोडलें नसतें काय? नेमका येथेंच आपला तर्क चुकतो. मांजराचा मूळ पूर्वज म्हणजे आफ्रिका व पश्चिम आशिया येथील रानमांजर. हा प्राणी एकटा हिंडणारा. तो उंदीर-पांखरांचा शिकारी खरा, परंतु स्वतःहून मोठ्या श्वापदांचें भक्ष्यही तोच. अशा प्राण्यानें विव्हळून दाखविलें तर मदतीला कोणी येत नाहीं, शत्रु मात्र येतो. म्हणून दुखणें गिळून बसण्याची संवय त्याच्या हाडींमांसीं खिळलेली आहे. शिवाय भूक ही दांतदुखीहून बळकट असते. ज्याच्या तोंडांत चार दांत कुजले आहेत असें मांजरही जेवतें. फक्त तें एका बाजूनें खातें, किंवा न चावतां गिळतें. 'जेवतें आहे, म्हणजे दांत बरे आहेत' हें घरोघरचें प्रमाण म्हणूनच खोटें आहे.

मग ओळखावें कसें? तोंडाला घाण येणें ही पहिली खूण. पुष्कळ लोक ती मांजराची जातच समजतात. पण निरोगी मांजराच्या तोंडाला दुर्गंधि येत नाहीं. घांस तोंडांतून पडणें, डोकें एका बाजूस कलतें करून खाणें, कोरडे तुकडे टाळून मऊच खाणें, लाळ गळणें, पंजानें गाल घासणें, गालावरून हात फिरवितांच अंग चोरणें, या पुढच्या खुणा. अंग चाटून स्वच्छ ठेवण्यास जीभ आणि पुढचे बारीक दांत लागतात. ते दुखूं लागले कीं मांजर आपली वेणीफणी सोडतें आणि त्याची पाठ मळकट दिसूं लागते. चेहराही बोलतो. माँट्रियल विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१९ सालीं मांजराच्या मुद्रेवरून वेदना मोजण्याची एक पद्धति प्रसिद्ध केली. कान कितपत बाहेरच्या बाजूस वळले आहेत, डोळे किती मिचकावलेले आहेत, मुस्कटाचा आकार किती ताणलेला आहे, मिशा कशा धरल्या आहेत आणि डोकें खांद्यांच्या खालीं उतरलें आहे काय, या पांच गोष्टींवर गुण द्यावयाचे. मांजर डोळे मिटून दूध पितें ही आपली म्हण त्याच्या लबाडीविषयीं आहे. पण तें नेहमींच डोळे आकसून बसूं लागलें तर ती लबाडी नव्हे, हें ध्यानांत ठेवावें.

आतां त्या तोंडाची रचना पाहूं. पिलाला दुधाचे दांत सव्वीस असतात. ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून येऊं लागतात. तीन-चार महिन्यांचें झाल्यावर ते पडूं लागतात आणि सहा-सात महिन्यांचें होईपर्यंत पक्के तीस दांत येतात. वर सोळा, खालीं चौदा. पुढें सहा-सहा बारीक दांत, त्यांच्या दोहों बाजूंस चार सुळे, आणि मागें दाढा. परंतु या दाढा आपल्या दाढांसारख्या दळण्याच्या नव्हेत. आपला जबडा जात्याप्रमाणें आडवाही फिरतो. मांजराचा जबडा बिजागरीप्रमाणें केवळ वर-खालीं होतो. त्याच्या वरच्या व खालच्या दाढा कात्रीच्या पात्यांप्रमाणें एकमेकींवरून घसरतात, मांसाचे तुकडे करतात, आणि ते तुकडे तसेच गिळले जातात. मांजराला वाघाची मावशी म्हणतात तें दांतांपुरतें तरी शब्दशः खरें आहे; वाघालाही तीसच दांत आणि तीच कात्री.

आपल्या दांतांना लागते तशी कीड मांजराच्या दांतांना क्वचितच लागते. त्याच्या दाढांवर साखर साठून राहावी असे सपाट खळगे नाहींत, आणि गोडाची आवडही त्याला नाहीं. गोडी ओळखण्यास लागणारा एक गुणसूत्रांतील घटक मांजरवर्गांत निकामी झालेला आहे, असें २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें. तेव्हां ज्या शत्रूला आपण ओळखतों, तो येथें नाहीं. येथील शत्रु तीन आहेत, आणि ते निराळे आहेत.

पहिला शत्रु हिरडीचा. दांतांवर जंतूंचा एक चिकट, न दिसणारा थर रोज बसतो. तो काढला नाहीं तर लाळेंतील क्षार त्यांत मुरून कांहीं दिवसांतच त्याचें कीटण होतें. पिंवळट-तपकिरी, दगडासारखें कठीण. कीटणाच्या आश्रयानें जंतु हिरडीखालीं शिरतात. प्रथम हिरडीच्या कडेला लाल रेघ उमटते. या अवस्थेंत दांत स्वच्छ केले तर हिरडी पूर्ववत् होते. परंतु दाह खोल जाऊन दांताला धरून ठेवणारें हाड झिजूं लागलें, म्हणजे गेलेलें हाड पुन्हां येत नाहीं. निरोगी मांजराच्या हिरडीची खांच अर्धा ते एक मिलिमीटर खोल असते. इतक्या लहान मापाच्या जागेंत हा सर्व विध्वंस चालतो, म्हणून तो वरून दिसत नाहीं.

दुसरा शत्रु अधिक गूढ. मनीला झालें होतें तें हेंच. शरीरांत जुनें हाड विरघळविणाऱ्या पेशी असतात. दुधाच्या दांतांचीं मुळें विरघळवून ते पाडणाऱ्या पेशीही त्याच कुळांतल्या. कांहीं मांजरांत या पेशी पक्क्या दांतांवरच उलटतात आणि मूळ पोखरूं लागतात. वर दांत धड दिसतो. खालीं मूळ नाहींसें होत असतें. पोखरण हिरडीच्या वर तोंडांत उघडी पडली कीं दांताची शीर उघडी होते, आणि मग अन्नाचा किंवा जिभेचा स्पर्शही असह्य होतो. खालच्या जबड्यांत सुळ्यामागची जी पहिली दाढ, तिच्यावर हा घाला विशेष पडतो. वय वाढतें तसें या रोगाचें प्रमाण वाढतें, आणि प्रौढ मांजरांत तो मुळींच दुर्मिळ नाहीं. त्याचें मूळ कारण शास्त्रास अद्याप उलगडलेलें नाहीं. त्यामुळें दांत घासून तो निश्चित टाळतां येतो असें कोणी सांगूं नये. असा दांत भरून वांचविण्याचे प्रयत्न पूर्वीं झाले, ते टिकले नाहींत. तो काढणें हाच उपाय. मात्र काढण्याची रीत क्ष-किरणांच्या चित्रावर अवलंबून असते. मूळ शाबूत असेल तर तें पूर्ण उपटावें लागतें; मूळ विरघळून हाडाशीं एकजीव झालें असेल तर वरचा भाग काढून हिरडी शिवून टाकणें पुरतें. चित्राशिवाय हा निवाडा करणें म्हणजे अंधारांत तीर मारणें होय.

तिसरा शत्रु सर्वांत क्रूर. कांहीं मांजरांचें शरीर आपल्याच तोंडांतील जंतूंवर इतकें खवळतें कीं हिरड्या, गालाचा आंतला भाग आणि घशाचीं दोन्हीं अंगें कच्च्या मांसासारखीं लाल होतात. मांजरांच्या सर्दीचा कॅलिसी नांवाचा विषाणु या रोगाच्या संगतींत वारंवार आढळतो. अशा मांजराला जांभई देतांनाही वेदना होतात. येथें सर्व दाढा, कधीं सर्वच दांत, काढावे लागतात. आणि असें केल्यावर बहुसंख्य मांजरांना मोठा आराम पडतो.

सर्व दांत काढावयाचे म्हटलें कीं घरांतील माणसांचा जीव कासावीस होतो. 'बिचारें खाणार काय?' असा प्रश्न येतो. परंतु मघां सांगितलेली कात्रीची रचना आठवावी. मांजर चावून बारीक करीतच नव्हतें. आणि आपल्या घरीं त्याला उंदीर मारून पोट भरावयाचें नाहीं. जखमा भरून आल्यावर बिनदांताचें मांजर मऊ अन्न सुखानें खातें. पुष्कळशीं कोरडे दाणेही गिळतात. दुखणारा दांत असण्यापेक्षां दांत नसणें त्याला फार बरें.

दुसरी भीति भुलेची. ती अगदींच निराधार नाहीं. पण तिचें माप माहीत असावें. ब्रिटनमध्यें केलेल्या आणि २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत, निरोगी मांजरांत भुलेशीं संबंधित मृत्यूचें प्रमाण हजारीं सुमारें एक आढळलें. आजारी मांजरांत तें पुष्कळ अधिक होतें. म्हणून भुलेपूर्वीं रक्त तपासून घ्यावें, विशेषतः म्हाताऱ्या मांजराचें. त्यांत मूत्रपिंडाचा विकार असेल तर तोही कळतो, आणि तोंडाची दुर्गंधि कधीं कधीं त्याचीही असते. आणि म्हणूनच मांजर अगदीं खंगेपर्यंत वाट पाहूं नये. कोणी भुलेवांचून दांत खरवडून देतों म्हणेल, तर त्याच्या स्वस्ताईला भुलूं नये. त्यानें दिसणारें कीटण जातें. हिरडीखालचें, जें खरें घातक, तें तसेंच राहतें, आणि आपण मात्र काम झालें या समजुतींत राहतों.

घरच्या औषधांबद्दल एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. दांत दुखला कीं आपण लवंगेचें तेल लावतों, किंवा पॅरासिटामॉलची गोळी घेतों. हीं दोन्हीं मांजराला देऊं नयेत. अशा द्रव्यांचा निचरा करणारी यकृतांतील एक व्यवस्था मांजरांत फार दुबळी आहे. पॅरासिटामॉलची माणसाची एक गोळी मांजराचा प्राण घेण्यास पुरेशी होऊं शकते. दयेपोटीं दिलेल्या गोळीनें मांजर दगावणें यासारखी दुर्दैवाची गोष्ट नाहीं. आपलें दंतमंजन व पेस्टही वर्ज्य. मांजराला चूळ भरतां येत नाहीं. त्यांतील फ्लुओराइड आणि फेंस आणणारीं द्रव्यें तें सारीं गिळतें. आणि मांजरानें एक-दोन दिवस अन्न मुळींच घेतलें नाहीं, तर 'भूक लागेल तेव्हां खाईल' म्हणून स्वस्थ बसूं नये. लठ्ठ मांजर उपाशी राहिलें तर अंगांतील चरबी यकृतांत सांचून तें गंभीर आजारी पडतें.

मग घरीं करावयाचें तें काय? पहिलें काम पाहण्याचें. त्यासाठीं मांजराचा जबडा फांकण्याची गरज नाहीं. मांजर निवांत असतां, उजेडाकडे तोंड करून, डाव्या हातानें डोकें वरून हलकेंच धरावें आणि उजव्या अंगठ्यानें ओठाचा कोपरा वर उचलावा. दहा मोजेपर्यंत सारें दिसतें. दोन्हीं बाजू पाहाव्या. हिरडी फिकट गुलाबी हवी. दांतालगत लाल रेघ नको. केशरी रंगाच्या मांजरांच्या ओठांवर व हिरड्यांवर वयाबरोबर काळे ठिपके येतात. ते बहुधा निरुपद्रवी असतात, पण उंच झालेला किंवा वाढणारा डाग दाखवावा. सुळ्याचें टोंक मोडलेलें नाहीं ना तेंही पाहावें. मांजराच्या सुळ्यांत शीर अगदीं टोंकाजवळपर्यंत आलेली असते. म्हणून किंचित् मोडलेला सुळाही आंत कुजूं शकतो. शहरांत वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतून पडलेल्या मांजरांत अशी मोड वारंवार आढळते. पिलूं सात-आठ महिन्यांचें झाल्यावरही दुधाचा सुळा पक्क्या सुळ्याशेजारीं तसाच उभा असेल, तर तोही दाखवावा.

दुसरें काम घासण्याचें. मांजराचे दांत घासावयाचे म्हटलें कीं ऐकणारा हंसतो. मांजराच्या गळ्यांत घंटा कोणी बांधावी हा जुना प्रश्न, त्यांतलाच हा नवा वाटतो. परंतु पिलूंपणापासून आणि घाई न करतां आरंभ केला तर पुष्कळ मांजरें हें सोसतात. कांहीं तर वाट पाहतात. पहिला आठवडा बोटाला मासा उकडलेलें बिनमिठाचें पाणी लावून तें फक्त चाटूं द्यावें. दुसऱ्या आठवड्यांत तेंच बोट ओठाखालून दांतांवरून फिरवावें. पुढें बोटाला मऊ फडकें गुंडाळावें, आणि तें अंगवळणीं पडल्यावर मांजरासाठीं केलेला लहान मऊ ब्रश घ्यावा. मांजरांकरितां कोंबडीच्या किंवा माशाच्या चवीची पेस्ट मिळते, ती चालते. न मिळाल्यास नुसता ओला ब्रशही काम करतो, कारण थर निघतो तो घासण्यानें. फक्त बाहेरची बाजू, आणि त्यांतही वरच्या दाढा मुख्य. आंतली बाजू त्याची खरखरीत जीभ बरीचशी राखते. प्रत्येक बाजूस अर्धें मिनिट पुरे. रोज झालें तर उत्तम, निदान दिवसाआड. मांजर झगडूं लागलें तर थांबावें. जबरदस्तीनें एक दिवस दांत घासले जातील, पण पुढचे शंभर दिवस मांजर कपाटावर चढून बसेल. आणि तोंड आधींच दुखरें असेल तर घासण्यास आरंभच करूं नये; प्रथम उपचार, मग ब्रश.

कोरडे दाणे चारले म्हणजे दांत आपोआप स्वच्छ राहतात, असा समज आहे. साधा दाणा दांताचें टोंक लागतांच फुटतो. दांत घासला जातच नाहीं. दांतांकरितां मुद्दाम केलेले दाणे मोठे व तंतुमय असतात, आणि त्यांत दांत रुततो म्हणून थोडें पुसणें होतें. अमेरिकेंतील व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिल ही संस्था १९९७ पासून अशा पदार्थांचे पुरावे तपासून आपली मुद्रा देते. विकत घेतांना ती पाहावी. माशाचे कांटे व शिजविलेलीं हाडें मात्र दांत घासतील या आशेनें देऊं नयेत. शिजलेलें हाड चिरफाळतें, आणि टाळूंत आडवा अडकलेला तुकडा काढणें हें भूल देऊन करण्याचें काम होऊन बसतें.

तिसरें काम वर्षांतून एकदां पशुवैद्याकडे नेण्याचें. आणि सातआठ वर्षें उलटल्यावर सहा महिन्यांनीं. त्यांना 'जेवतें का?' याचें उत्तर देण्याऐवजीं 'कसें जेवतें' तें सांगावें. कोणत्या बाजूनें खातें, काय टाकतें, किती वेळ लावतें, हें घरच्यांशिवाय कोणास ठाऊक असणार?

मनीचे त्या वेळीं दोन दांत काढले. क्ष-किरणांत शेजारचा दुसराही पोखरलेला निघाला. पहिले चार दिवस ती रुसल्यासारखी होती. पंधरवड्यानें ती कपाटाखालून बाहेर आली आणि पुन्हां खिडकींत बसूं लागली. पाठीवरचे केस नीट झाले. एका संध्याकाळीं तिनें स्वयंपाकघरांत पडलेला दोऱ्याचा गुंडा पंजानें उडविला. गेल्या कित्येक महिन्यांत ती खेळली नव्हती हें आम्हांस तेव्हां प्रथम आठवलें. जिला आम्हीं म्हातारी ठरविलें होतें, ती म्हातारी झालेलीच नव्हती. आतां दर रविवारीं सकाळीं, चहा झाल्यावर, तिला खिडकीच्या उजेडांत घेऊन दहा मोजेपर्यंत तिचा ओठ उचलून पाहण्याचा परिपाठ आमच्या घरीं आहे. तिला तो फारसा आवडत नाहीं. पण ती तो चालवून घेते. आपल्या घरींही मांजर असेल, तर आज त्याच्या ताटलीपाशीं थोडा वेळ बसून तें कसें खातें तें पाहावें, आणि खाऊन तें निवांत झालें म्हणजे उजेडांत एकदां त्याचा ओठ उचलून पाहावा.